पूजेला बसलेले गुटके

आमच्या मॅनेजरचं आणि माझं कधी पटलं नाही, आणि पटावं अशी माझी इच्छाही नव्हती. मी मोठ्या रेल्वेत शंटिंगमध्ये, म्हणजे डबे जोडण्या-तोडण्यात, जन्म काढून निवृत्त झालेला माणूस. तो मालकाचा पुतण्या, पुण्यात शिकून आलेला. यार्डात मला लहानथोर सगळे मास्तर म्हणायचे. यानं पहिल्याच दिवशी "काका" म्हटलं, तेही हातातल्या मोबाईलवरची नजर न उचलता. तिथंच तो माझ्या डोक्यात गेला.

कंपनी कसली, चार किलोमीटरचा रूळ. श्रीगोंदा तालुक्यातला एक कारखाना बंद पडला होता. स्टेशनापासून त्याच्या आवारापर्यंत गेलेली साइडिंग, म्हणजे मालगाडीची फाट्याची लाइन, गवतात पडून होती. मालकानं ती भाड्यानं घेतली, कुठूनसं एक जुनं डिझेल इंजिन आणलं आणि बोर्ड लावला. रूळ कुणाला कळत होते? कुणालाच नाही. म्हणून मला घरून बोलावून नेलं. मी गेलो, कारण घरी बसून सुनेच्या मालिका बघण्यापेक्षा ते बरं.

काम असं, की मोठी रेल्वे बेचाळीस डब्यांचा रेक स्टेशनाशेजारी आमच्या लाइनवर सोडायची आणि आपलं इंजिन घेऊन निघून जायची. तिथून पुढं आमचा संसार. आमच्या म्हाताऱ्या इंजिनात अख्खा रेक चढावर ओढायची ताकद नव्हती. चार तुकडे करायचे, एकेक तुकडा वर आवारात न्यायचा, फलाटाला लावायचा. हमाल पोती उतरवायचे. मग रिकामे डबे खाली आणून परत जोडायचे. हे सगळं रेल्वेनं दिलेल्या तासांत. उशीर झाला की दंड बसायचा आणि पुतण्या माझ्यावर डाफरायचा. स्वतः मात्र कधी रुळावर उतरला नाही. एसीत बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या.

गावालाही आम्ही नकोच होतो. आम्ही त्यांच्या पोटावर पाय देतो म्हणून ट्रकवाल्यांनी दोनदा रस्त्यात ट्रक आडवे घातले. आमचा रूळ गावचा रस्ता ओलांडायचा तिथलं गेट बंद झालं की बैलगाडीवाल्यापासून बुलेटवाल्यापर्यंत सगळे शिव्या घालायचे. मी पण उलट घालायचो. त्या आवारात कुणी कुणाशी सरळ बोलल्याचं मला आठवत नाही.

पुतण्याचं एक मात्र मान्य करावं लागतं, दात खाऊन का होईना. एकट्या खतवाल्याला अख्खा रेक परवडत नाही, हे त्यानं हेरलं. तीन तालुक्यांतले व्यापारी, जे एकमेकांचं तोंड बघत नव्हते, त्यांना त्यानं एका टेबलाशी बसवलं आणि एकाच रेकमध्ये तिघांचा माल मागवला. खत झालं, मग सिमेंट. हंगामात आसपासच्या कारखान्यांची साखर. वर्षाच्या आत कुलूप लागेल असं मी चारचौघांत छातीठोक सांगितलं होतं. सात वर्षं झाली तरी कुलूप काही लागलं नाही, उलट दुसऱ्या इंजिनाची बोलणी सुरू झाली. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

या सगळ्यात एक माणूस शहाणं होतं, ते म्हणजे गेटवरची बाई. रुळाकडेच्या वस्तीवरचीच, पहिल्या दिवसापासून कामाला, पण कंत्राटावर. दोन मुली शिकत होत्या, त्या तिच्याच पगारावर. सात वर्षांत तिचं गेट एकदाही उशिरा पडलं नव्हतं. दिवाळीपासून तिला कायम करू, असं पुतण्यानं अखेर कबूल केलं होतं. त्या एका शब्दावर ती घर चालवत होती.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे औजारं धुऊन, हळदकुंकू लावून पूजेला मांडतात, हे काही कुणाला सांगायला नको. पण सकाळीच सिमेंटचा रेक आला होता. पहिला तुकडा वर फलाटाला लागला होता, निम्मी पोती उतरली होती.

पुतण्या म्हणाला, "काका, दहा मिनिटांत उरका. एक गुटका, एक झेंडी ठेवा, फोटो काढू. तीनला डबे खाली न्यायचेत."

गुटका म्हणजे लाकडी ठोकळा. बैलगाडीच्या चाकाला दगडाची उटी लावतात, तसा डब्याच्या चाकाखाली घालायचा, म्हणजे डबा घरंगळत नाही. आमच्याकडे होते मोजके आठ.

खरं तर त्याचं बरोबर होतं. मोठ्या रेल्वेतही आम्ही एकच गुटका पूजेला ठेवायचो. पण यानं सांगितलं म्हणून मी ऐकायचं? मी म्हटलं, "औजार एकदा पूजेला बसलं की दसऱ्यापर्यंत हलत नाही. तुम्हाला रीत माहीत नसेल, आम्हाला आहे." हमालांच्या देखत म्हटलं. त्यांना सुट्टी हवीच होती, त्यांनी माना डोलावल्या. पुतण्या लाल होऊन आत गेला आणि मला जेवल्यासारखं वाटलं.

मग मी आठही गुटके काढवले आणि खाली गेटवर धुवायला पाठवले, कारण पाण्याचा नळ तिथंच. बाईनं ब्रश घेऊन एकेक घासला. मी न्यायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "समदेच का वो, मास्तर? दोन तरी चाकाखाली ऱ्हाऊ द्या की."

"तू तुझं गेट बघ," मी म्हटलं.

इंजिनालाही हार घालायचा होता. ते डब्यांपासून सोडवून ऑफिसापुढं आणलं. दोन डब्यांचे हँडब्रेक मी माझ्या हातानं आवळले आणि मनाशी म्हटलं, पुरे एवढं. जुन्या डब्यांच्या हँडब्रेकवर भरवसा ठेवायचा नाही, हे मी शंभर पोरांना शिकवलं असेल. आरती चालू असताना मागं करकर आवाज झाला. घंटेच्या नादात कुणाला कळला नाही. कळलं तेव्हा दहा डबे फलाट सोडून उतारावर लागले होते.

मी धावलो. त्या वयात काय धावणार. खाली गेटवर रस्ता भरलेला, बायका देवीला निघालेल्या, झेंडूचा एक टेम्पो रुळाच्या तोंडाशी. इंजिनाची शिट्टी नाही, फोन नाही. बाईनं म्हणे रुळाचा आवाज ओळखला आणि कुणाला न विचारता गेट पाडलं. टेम्पोवाला आत घुसू बघत होता, त्याच्या पुढं ती झेंडी घेऊन आडवी उभी राहिली. डबे तिच्या पाठीमागून धडधडत गेले आणि पुढं, उरलेल्या रेकच्या आणि मोठ्या लाइनच्या अलीकडे, सुटलेली गाडी अडवायला घातलेल्या वाळूत जाऊन रुतले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

मला तिच्या पायावर डोकं ठेवायला हवं होतं. मी टेम्पोवाल्याला शिव्या घातल्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुतण्यानं मला आत बोलावलं. रेल्वेला अहवाल द्यायचा होता. त्यानं तो लिहूनच ठेवला होता. वस्तीवरच्या लोकांनी लाकडी गुटके सरपणासाठी चोरून नेले, गेटवरच्या बाईचं लक्ष नव्हतं, ती स्वतः त्याच वस्तीवरची. बाईला कामावरून कमी करण्यात येत आहे. खाली माझ्या सहीची जागा.

"हे खोटं आहे," मी म्हटलं.

"मग खरं लिहू?" तो म्हणाला. "तुम्ही इंजिन सोडवलंत, तुम्ही गुटके काढलेत. साइडिंग बंद होईल. सगळे हमाल घरी, मी घरी. आणि तुम्ही कुठं, ते तुम्हीच सांगा."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. हमालांसाठी म्हणून गप्प बसलो, असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत राहिलो. तेही खोटं. माझ्या हातून डबे सुटले, हे माझ्या जुन्या यार्डात कळेल, एवढीच मला भीती होती. पेन त्याचंच घेतलं आणि सही केली. सात वर्षांत आम्हा दोघांचं एकमत झालं ते त्या एका कागदावर. "थँक्यू, मास्तर," तो म्हणाला. सात वर्षांत पहिल्यांदा मास्तर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मला गेटवर सामान ताब्यात घ्यायला जावं लागलं. बाईनं लाकडी बाकावर सगळं ओळीनं मांडून ठेवलं होतं.

"कागदावर सही तुमी केली?" तिनं विचारलं.

"केली."

"वाचून?"

"हो."

"गुटके मी धुतले हुते. तुमीच दिले, तुमीच नेले."

मी बाकावरचं सामान मोजायला लागलो. ती रडली असती, भांडली असती, तर मला सोपं गेलं असतं. भांडायची मला सवय आहे. तिनं वहीचं एक पान पुढं केलं. मुलीच्या सुबक अक्षरात यादी होती. लाल झेंडी एक, हिरवी झेंडी एक, हातदिवा एक, शिट्टी एक, गेटची किल्ली एक.

"हितं बी सही करा," ती म्हणाली. "न्हाईतर उद्या लिवाल, बाईनं झेंड्या पन चोरल्या."

मी सही केली. तिनं कागद उचलला, सावकाश वाचला आणि परत माझ्यासमोर ठेवला.

"तारीख ऱ्हायली," ती म्हणाली.