क्लच नसलेला ट्रक

दादाचा डावा पाय गुडघ्याखाली कापला, तेव्हा मी अंजनवेलला होतो. तिथे वीज प्रकल्पाचं काम चाललं होतं आणि मी एका कंत्राटदाराच्या गाड्या दुरुस्त करत होतो. जांभ्या दगडाचा चिरा पडून दादाच्या पायाच्या बोटाला जखम झाली होती. साधीच, पण त्याला साखर होती, जखम भरलीच नाही. निरोप मिळून मी रत्नागिरीला पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. दादा खाटेवर टेकून बसला होता. मला बघून म्हणाला, "क्लचचा पाय गेला रे."

वीस-बावीस वर्षं तो स्वतःच्या ट्रकमधून जांभ्याचे चिरे वाहत होता. मालगुंडपासून पावसपर्यंत कुठेही घर उठत असलं की चिरा दादाच्या ट्रकमधून यायचा. वडील लवकर गेले. मला आयटीआयला घातलं ते दादाने, याच ट्रकवर.

घरी आल्यावर तो पडवीत बसायला लागला. ट्रक समोरच अंगणात उभा होता, म्हणून खुर्ची फिरवून त्याच्याकडे पाठ करून बसायचा. वहिनी जेवायला हाक मारायच्या, तर "भूक नाय" एवढंच.

प्रकल्पावर परदेशी इंजिनिअरांच्या काही गाड्या होत्या, त्यांना क्लचचं पेडल नव्हतं. ब्रेक आणि एक्सिलेटर, बस्स. गिअर आपोआप पडायचे. त्यांची दुरुस्ती मी तिथेच शिकलो होतो. काम आवरत आलं तेव्हा मोडीत काढलेल्या अशाच एका डिझेल पिकअपचा गिअरबॉक्स मी मागून घेतला आणि घरी आणला.

"दादा, एका पायावर ट्रक चालवशील?"

"मेल्या, चेष्टा करतोस?"

मी चेष्टा करत नव्हतो. लेथवर जाड लोखंडी चकती कातून घेतली आणि तो गिअरबॉक्स ट्रकच्या इंजिनाला जोडला. दादाला उचलून सीटवर बसवलं. रिकामा ट्रक अंगणातून रस्त्यापर्यंत गेला आणि मागे आला. उतरताना दादा रडत होता. त्या दुपारी त्याने दोनदा भात मागून घेतला.

मग अर्धी गाडी चिरा भरून मी एकटाच चढावर गेलो. इंजिन बोंबलत होतं आणि ट्रक जागचा हलत नव्हता. करपलेल्या तेलाचा वास आला. गिअरबॉक्स उघडला तर आतल्या क्लच प्लेटा काळ्याठिक्कर. तो डबा हलक्या गाडीसाठी बनवलेला. ट्रकच्या इंजिनाची ताकद आणि चिऱ्यांचं वजन त्याला कसं झेपणार? त्याला मजबूत करणं भाग होतं.

त्यात दीड वर्ष गेलं. आतल्या ड्रममध्ये जास्त प्लेटा बसाव्यात म्हणून मधल्या पोलादी चकत्या घासून पातळ केल्या. तेलाचा दाब वाढवायला कडक स्प्रिंग घातल्या. तेल तापू नये म्हणून रेडिएटरच्या पुढे मोठा कूलर लावला, त्याला वेगळा पंखा दिला. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेला एक गोल डबा असतो, तो मोठा मिळावा म्हणून कोल्हापूरपर्यंत जाऊन आलो. एक गोष्ट पक्की केली की दुसरी तुटायची. दादा स्टुलावर बसून प्लेटा डिझेलमध्ये धुवायचा आणि बोटं फिरवून सांगायचा, "ही झिजलीय, टाकून दे." त्याचं कधी चुकायचं नाही. माझा भाऊ पुन्हा माणसांत आला, याचंच मला अप्रूप.

एकदा वहिनी चहा घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भावोजी, आता पुरे करा ना हे."

मी तडकलो. "तुम्हाला तो असाच खुर्चीत बसलेला बघायचाय का?"

त्या चहा ठेवून आत गेल्या.

शेवटी दिवाळीनंतर एका सकाळी ट्रक पूर्ण भरला. दादाच्या लायसनचं पुढे बघू, म्हणालो. दादाला शेजारी बसवून, शिरगाव ओलांडून मी आरे-वारेच्या रस्त्याला लागलो. पहिला चढ ट्रकने सहज काढला. तेल गार, गिअर वेळच्या वेळी पडत होते. पुढे सरळ रस्त्यावर रहदारी नव्हती. थांबलो आणि दादाला म्हटलं, "आता तू."

त्याने स्टिअरिंग धरलं. चढ आला. मी कान फक्त गिअरबॉक्सकडे लावून बसलो होतो. दुसरा पडला, तिसरा पडला, कुठे घसरण नाही. मी आनंदाने त्याच्या मांडीवर थाप मारली. तेवढ्यात रस्ता वळला, आणि दादा वळलाच नाही.

"दादा, वळण!"

त्याने ब्रेक दाबला, मी स्टिअरिंग खेचलं. पुढचं चाक मातीत उतरून थांबलं. खाली समुद्र होता.

"कुठच्या बाजूला होतं?" त्याने विचारलं.

मी त्याच्याकडे बघितलं. तो समोर बघत होता, पण कशाकडेच बघत नव्हता.

"कधीपासून?"

"गेल्या पावसाळ्यापासून जास्त. सरळ रस्ता कळतो थोडाफार."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

त्याने चाचपून हँडब्रेक ओढला. मग म्हणाला, "तुझं काम थांबलं असतं. मग मी सकाळी कशासाठी उठलो असतो?"

ट्रक मी घरी आणला. वहिनी दारात उभ्या होत्या. आमचे चेहरे बघून त्यांना कळलं. "त्यांनी मला शपथ घातली होती हो," एवढंच त्या म्हणाल्या. मी त्यांची माफीसुद्धा धड मागू शकलो नाही.

डॉक्टर म्हणाले, साखरेने डोळ्यांचे पडदे गेलेत. वर्षभर आधी आणला असता तर काही करता आलं असतं. वर्षभर आधी तो रोज माझ्यापासून हातभर अंतरावर बसलेला होता. मी त्याच्या हातातल्या प्लेटा तपासत होतो.

पुढे दोन वर्षं मी तो ट्रक चालवला. दादा शेजारी बसायचा, वासावरून गाव ओळखायचा. मग त्याची किडनीही गेली आणि एका पौषात तो गेला.

ट्रक घ्यायला आलेल्या माणसाला साधा गिअरबॉक्स हवा होता. "हे असलं कोण दुरुस्त करणार?" तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं. मी अंगणात ट्रकखाली शिरलो आणि बोल्ट सोडवायला लागलो. वहिनी पायरीवर येऊन बसल्या. हातात पितळी वाटी घेतली आणि एकेक बोल्ट माझ्याकडून घेऊन तीत ठेवत राहिल्या.