गवताला कशाला खत

आमच्या गोठ्यातलं शेण उसाला जातं. मुरगूडच्या आसपास घरोघर हीच रीत. उन्हाळ्यात उकिरडा उपसायचा, ट्रॉली भरायची आणि सगळं उसाच्या रानात ओतायचं. ज्या गवतावर म्हशी जगतात, त्या तुकड्याला पाटीभरसुद्धा नाही. कापायचं, फुटलं की पुन्हा कापायचं, जमिनीला परत काही द्यायचं नाही. शेवटी गेल्या वर्षी गवत पिवळं पडलं. एक ट्रॉली इकडं टाका म्हणून मी सासऱ्यांच्या मागं लागले. मामंजी ऐकतील तर शपथ. गवताला कशाला खत, म्हणायचे आणि चहाची बशी तोंडाला लावायचे. माझं डोकं फिरायचं.

मग पावसाळ्यात एकाएकी गवतानं रंग धरला. मला वाटलं, पाऊस मानवला. आठवडाभर आभाळ भरलेलं, ऊन नावाला नाही. ते कोवळं, काळंशार गवत मी कापलं आणि गाभण म्हशीपुढं टाकलं. तिचे दिवस भरत आले होते, म्हणून आधी तिला.

दुपारी ती थरथरायला लागली. धाप लागली, हिरड्या काळपट पडल्या. नवरा कागलच्या एमआयडीसीत, पाळीवर. मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला आणि ते येईपर्यंत गोठ्यातून फाटकापर्यंत नुसत्या येरझाऱ्या घातल्या. बसवेना, उभं राहवेना. मामंजी म्हशीचं दावं धरून उभे.

डॉक्टरांनी आल्या आल्या विचारलं, गवतावर युरिया टाकलाय का. मी ठणकावून सांगितलं, आमच्यात गवताला कोणी काही टाकत नाही. मग साप चावला असेल, असं म्हणत ते तिचे पाय चाचपायला बसले. म्हशीचे गुडघे वाकायला लागले होते.

"टाकलाय," मामंजी म्हणाले. "उसाचा उरलेला हुता, समदा टाकला. हिचं खरं हाय म्हणायला जीभ रेटली न्हाय माझी."

डॉक्टरांनी रक्त काढून बघितलं. ते चॉकलेटी होतं. युरिया जास्त आणि ऊन कमी झालं, की कोवळ्या गवतात विष साठतं, डॉक्टर म्हणाले. बॅगेतलं निळं औषध काढून त्यांनी शिरेत सोडलं. मला इतका राग आला होता, की हातात विळा नव्हता ते बरं.

संध्याकाळी म्हैस उठली, पाणी प्यायली. रेडकू मात्र त्याच आठवड्यात मेलेलं जन्मलं. मामंजींनी कुणाला हात लावू दिला नाही. गवताच्या तुकड्यात एकट्यानं खड्डा काढला आणि पुरलं. खूप बोलायचं होतं मला, पण त्यांची पाठ बघून परत फिरले.

यंदा न सांगता शेणाची ट्रॉली गवताकडं वळली. सगळा तुकडा हिरवा झाला. त्या एका जागी तर गवत कमरेच्या वर गेलंय. मी कापत कापत तिथवर जाते आणि वळून येते. मामंजीही वळतात. ते कुणी कापायचं, हे आम्ही अजून एकमेकांना विचारलेलं नाही.