मामांची झडती आणि डोक्यातली लाईन

माझ्या मामांइतका हट्टी माणूस यवतमाळ जिल्ह्यात झाला नाही आणि आता होणारही नाही. उभी हयात जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत गेली, वर विडीची जोड. त्यामुळे छाती कामातून गेलेली. चार पावलं चालले की थांबायचे, पण दम लागला असं कबूल करतील तर शपथ! "गाव पाहून राह्यलो," म्हणायचे. बाभुळगावकडच्या त्या गावात मारुतीचं देऊळ आणि एक बंद हातपंप सोडला तर पाहण्यासारखं काही नव्हतं.

त्यांचा खरा दिमाख पोळ्याला. तोरणाखाली बैल उभे राहिले की पुढे होऊन झडती म्हणायची ती मामांनीच. झडती म्हणजे यमकात बसवलेला टोमण्यांचा आहेर, देवाच्या नावाने संपणारा. कापसाचे भाव कोसळले त्या वर्षांत तर मामांनी व्यापारी, पुढारी, साहेब कोणालाच सोडलं नाही.

मग ते विसरू लागले. एकदा मामीलाच बैलाच्या नावाने हाक मारली, "सर्ज्या, चहा मांड!" मामी म्हणाली, "मांडतो ना, पयले सरकीची ढेप तं खाऊ द्या." आम्ही पोट धरून हसलो. पण झडतीची दुसरी ओळही सापडेना, तेव्हा हसू आटलं. "दम गेला तं जाऊ दे," मामा म्हणाले, "झडती गेली तं मी कायचा उरलो?"

यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं: छातीच्या अशा जुन्या दुखण्यात बुद्धीही मंदावते; डोक्याला पट्टा बांधून अगदी मंद वीज द्यायचा प्रयोग चालू आहे, गुण येईलच असं नाही. मामा उसळले, "वावरात लाईन नाही, अन् तुम्ही माह्या डोक्यात टाकून राह्यले?" तरी पोळ्याला झडती म्हणता यावी म्हणून तयार झाले. पट्ट्यावर टोपी मात्र घातलीच. पट्टा चालू असताना शब्द पाठ करायचे होते: आंबा, खुर्ची, नदी. "ना यमक, ना चाल! ध्यानात कायले ठेवू?" असं म्हणून त्यांनी तिथेच सुनावलं, "साहेब बसले खुर्चीवर, आंबा खाल्ला आधी, कागदावर आमच्या वावरातून वाहून राह्यली नदी!" याला गुण द्यावे की नाही, हे बाईंना कळेना.

पोळ्याला मामी नको नको म्हणत असताना ते तोरणाखाली गेलेच.

"कापूस आमचा पांढरा, भाव त्याचा काळा..."

आणि थांबले. दम संपला की ओळ, कोणालाच कळेना. मागून कोणी ओळ सुचवू लागला, त्याला मामांनी हातानेच गप्प केलं. खिशातला औषधाचा पंप काढून ओढला. सावकाश गाव पाहिलं.

"साहेबाच्या खुर्चीले लाव रे देवा टाळा! हर हर महादेव!"

आंबा गेला, नदी गेली, खुर्ची तेवढी राहिली होती. हा पट्ट्याचा गुण की हट्टाचा, ते एका माणसावरून सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मामांना शंकाच नव्हती. "करंट त्याईचा, अक्कल माही."

मामा जाऊन आता काही पोळे झाले. त्यांची फार आठवण येते. हल्ली झडती म्हणणाऱ्यांच्या छात्या धडधाकट आहेत, तरी पहिल्या ओळीनंतर प्रत्येक जण थांबतो. कोणी शिकवलेलं नाही. तेवढा वेळ सगळं गाव गप्प उभं असतं, आणि मामा गाव पाहून घेतात.