भावजींच्या गाडीचं नवं इंजिन

भावजी गेले आणि त्यांची जुनी गाडीही बंद पडली. थोरल्या बहिणीला खूश करायचं म्हणून तिच्या मिस्त्री भावाने तिला न विचारताच गाडीत सहा सिलिंडरचं नवं इंजिन बसवलं आणि जुनं भंगारात दिलं. गाडी आता हूं की चूं न करता पळत होती.

चक्कर मारून आल्यावर ताई म्हणाली, "छान झालीय रे. पण हिची धडधड कोपऱ्यावर ऐकू आली, की मी चहाचं आधण ठेवायचे. जुनं इंजिन आहे ना?"

मिस्त्री तसाच भंगारवाल्याकडे धावला, पण इंजिनाचे केव्हाच तुकडे झाले होते.

ताई त्याला एका शब्दानेही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला अजून वाटतं.