मी वाचून न दाखवलेला कागद

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सांगायला बसले की आधी दुसऱ्यांचाच वैताग तोंडात येतो — आप्पांचा, चित्रकाराचा, छापखानेवाल्याचा — आणि माझी पाळी यायच्या आत मी उठून जाते. आज उठायचं नाही. पण तो वैताग मात्र थोडा सांगावाच लागेल.

वरवंडच्या अलीकडे आमचं गाव. नव्वदनंतरची ती वर्षं, मी शाळेत इतिहास शिकवायचे. आप्पा, म्हणजे माझे चुलते, तेव्हा सरपंच. त्यांच्या मनात आलं, की एसटी स्टँडपाशी पणजोबांच्या नावाची कमान उभी करायची आणि सोबत एक पुस्तिका काढायची. पणजोबा गोऱ्या सरकारच्या फौजेत होते. काबूलकडे लढले, पायात गोळी घेऊन परत आले आणि पुढं मरेपर्यंत ज्वारी केली. लंगडत पेरणीची पाभर धरायचे म्हणे. एवढंच. पण एवढ्यावर कुणाचं भागतं का? आप्पांना घोडा पाहिजे. "साधे शिपाई होते ते, आप्पा, पायदळातले," असं मी चार वेळा सांगितलं. "आगं, कमानीवर काय चालत दावायचं व्हय?" चित्रकारानं घोडा काढला, वर तलवारही दिली. मी खोडून घेतली. त्यानं पुन्हा काढली. किती डोकं फोडायचं?

एक गोष्ट मात्र घरात सगळेच सांगायचे — पणजोबांनी जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन दोन दिवस डोंगर तुडवला. मीही लहानपणापासून तीच ऐकलेली. तीच पुस्तिकेत लिहिली. छान लिहिली, खरं सांगते.

मजकूर दौंडला छापायला गेला होता आणि त्याच आठवड्यात, मधल्या सुट्टीत, भिकूआबा शाळेत आले. बुद्धविहारामागं त्यांचं घर. जन्म सगळा दौंडला रेल्वेत गँगमन म्हणून गेलेला. ऐंशीला टेकलेले, तरी मला उभे राहून 'बाई' म्हणायचे, याचाही मला राग यायचा. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून त्यांनी घडीचा कागद काढला. मोडी लिपीतला.

"आमच्या आज्याचा हाय, सोनाचा. बापानं जपला, मी जपला. वाचता कुनालाच येत न्हाई. तुम्हाला मोडी येती म्हनं. काय लिवलंय तेवढं सांगा, बाई."

मी वाचला. मोडी वाचायला मला वेळ लागायचा, पण हा कागद भरभर वाचला गेला — पहिल्याच ओळीत घरातलं नाव होतं. कागद माझ्या पणजोबांनी लिहवून घेतला होता. खाली त्यांचा अंगठा.

पायाला गोळी लागली तेव्हा पलटण पुढं निघून गेली, असं त्यात त्यांच्याच शब्दांत होतं. मागं राहिला तो आपल्याच गावच्या महारवाड्यातला सोना. त्यानं मला पाठीवर घेतलं. दोन दिवस. पखालीतलं शेवटचं पाणी मला पाजलं, स्वतः प्यायला नाही. गावी आल्यावर मी त्याला माझ्या विहिरीवर चढू दिलं नाही. भाऊबंदांना भ्यालो. हा दोष माझा. माझ्यामागं मुलांनी ती विहीर त्याच्या घराला मोकळी करावी.

म्हणजे घरातली गोष्ट पुरती उलटी होती. आणि विहीर? ती कुणी मोकळी केली नाही, हे तर मला माहीतच होतं.

आबा समोर उभे. मी खुर्चीत. त्यांना बसाही म्हटलं नव्हतं.

मी म्हणाले, "जमीन मोजणीचा जुना कागद आहे, आबा. विशेष काही नाही."

"आमच्या आज्याचं नाव हाय का पन त्याच्यात?"

"आहे. एका बाजूला."

"बास की मग," म्हणाले आणि घडी घालून डब्यात ठेवला.

का म्हणाले मी असं? छपाई थांबली असती म्हणून? आप्पा तणतणले असते म्हणून? ही दोन्ही कारणं मी स्वतःला वर्षानुवर्षं देत आले आणि आता ती ऐकायचाही कंटाळा आलाय. छपाई थांबवायला एक फोन पुरला असता. विहीर तर केव्हाच आटलेली, घराघरांत नळ होते — द्यायचं काहीच नव्हतं. फक्त म्हणायचं होतं. पाठीवर होता तो आमचा माणूस, हे मला म्हणायचं नव्हतं. एवढं साधं आणि एवढं घाणेरडं.

कमानीच्या उद्घाटनाला आबा दुसऱ्या रांगेत होते. मी पुस्तिकेतला तो प्रसंग माईकवर वाचला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांची अजून चीड येते — त्यांची नाही, माझी म्हणायला हवं. बघा, आताही चुकीच्या माणसावर चिडतेय.

पुढं सात-आठ वर्षांनी आबा गेले. मी निवृत्त झाले आणि एकदाची ठरवून त्यांच्या घरी गेले, सांगायचंच म्हणून. जुनं पाडून स्लॅबचं घर बांधलेलं. सूनबाईंनी चहा ठेवला. मी कागदाचं विचारलं.

"तो व्हय? घर पाडलं तवा जुनं समदं टाकलं की वो. मामा जपायचे लई. पन तुम्हीच म्हनला हुता ना, मोजनीचा हाय म्हनून."

तेव्हा तरी सांगायचं. कागद नसला म्हणून काय झालं, मला तो पाठ होता. तोंड होतं, वेळ होता, समोर माणूस होतं. मी म्हणाले, "हो, मोजणीचाच होता." चहा प्याले आणि घरी आले.

भिकूआबांच्या आजोबांनी माझ्या पणजोबांना पाठीवर आणलं होतं. माझ्या पणजोबांनी ते लिहवून ठेवलं होतं. मी ते वाचलं, आणि दोनदा खोटं बोलले.