तांदळात लिहिलेलं नाव

"होत न्हाई, हे नका सांगू चाचा. काय काय लागते, तेवढं सांगा."

हे बोलायच्या आधी ती आमच्या खिडकीत कोपर ठेवायची. कोपर ठेवलं की खिडकी लावता येत नाही, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही कधी कॉलेजच्या ऑफिसात काम घेऊन गेला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, जेवणाच्या सुट्टीत खिडकी लावताना आम्हा कारकुनांना केवढा आनंद होतो. त्या वर्षी या पोरीनं तो मला फारसा मिळू दिला नाही.

मी हिंगोलीच्या एका कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीवर बसतो. पोरं मला चाचा म्हणतात. माझा आवाज मोठा आहे आणि राग नाकावर. बायको म्हणते, "ऑफिस का गुस्सा ऑफिस में रख के आया करो." आता ऑफिसात ठेवायला कपाट तर पाहिजे! आहेत ती सगळी फायलींनी भरलेली.

ती पहिल्यांदा आली तेव्हा हातातला हिरवा चुडा अजून उतरला नव्हता. वाशीमकडची पोरगी. बी.एस्सी.ची दोन वर्षं तिकडं झालेली, आणि उन्हाळ्यात लग्न होऊन शिरड शहापूरला सासरी आलेली. नवरा वारंगा फाट्यावर एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कामाला. तिसरं वर्ष तिला आमच्याकडे करायचं होतं. तिकडचं विद्यापीठ वेगळं, आमचं वेगळं.

मी म्हणालो, "बेटा, लई तकलीफ आहे त्यात. बाहेरून बी.ए. करून टाक. घरबसल्या होतं."

"दोन वर्षं लॅबमधी ॲसिडनं ओढण्या जाळल्या मी. आता बी.ए. काहून करू?"

"विद्यापीठ बदलणं सोपं नसतं. होत नाही सहसा."

तेव्हा ते कोपर आलं आणि वरचं वाक्य आलं. मी चिडून एका दमात सगळं सांगितलं. जुन्या कॉलेजची टीसी, जुन्या विद्यापीठाचं मायग्रेशन म्हणजे विद्यापीठ सोडल्याचा दाखला, दोन्ही वर्षांच्या गुणपत्रिका, एकही विषय राहिलेला नको, तिकडचा अभ्यासक्रम शिक्क्यासकट, आमच्या विभागप्रमुखांचा होकार आणि मग विद्यापीठाची पात्रता. आणि हे सगळं शेवटच्या तारखेच्या आत. मला वाटलं, बाई ऐकूनच परत जाईल. तिनं शांतपणे बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "एवढंच ना?"

मग तिनं घरचं सांगितलं. रडली-बिडली नाही, गाडीची वेळ सांगावी तसं सांगितलं. सासू म्हणाली होती, यंदा प्रवेश झाला तर शीक, नाही झाला तर पुस्तकं माहेरी ठेवून ये. म्हणजे तारीख चुकली की शिक्षण संपलं.

त्यानंतर ती दिसेनाशी झाली. मी म्हटलं, सुटलो. कुठलं सुटतोय! एके दिवशी ऐन भरल्या गर्दीत कोपर हजर. वाशीमची रेल्वे धरून गेली होती, कॉलेजातून टीसी घेतली, तिथून पुढं विद्यापीठाच्या गावी जाऊन मायग्रेशन घेतलं.

"इतक्या लवकर दिलं?" मी विचारलं.

"पोस्टानं पाठवू म्हणत होते. मी म्हटलं, पाठवा, तंवर मी हितंच बसते." मग थोडं हसून म्हणाली, "तिथं बी खिडकी हाय, चाचा. तिथले चाचा तुमच्यापरीस बरे हायत. वरडत न्हाईत."

त्याच दिवशी तिनं पिशवीतून हळकुंडांची पुडी काढून माझ्यासमोर ठेवली. सासऱ्यांच्या शेतातली हळद. मी ओरडलो, "ही लाच आहे का?"

"लाच राहिली असती तं दळून आणली असती. ह्या नुसत्या गाठी हायत, कुटा तुमच्या तुमी."

सगळं ऑफिस हसलं. हळद मी परत केली, पण राग काही आला नाही. काय करणार!

विभागप्रमुखांचं वेगळंच निघालं. तिकडच्या दोन वर्षांत आमच्याकडचा एक विषय शिकवलाच नव्हता. सर म्हणाले, तिसऱ्या वर्षाबरोबर दुसऱ्या वर्षाचा हा जादा पेपर द्यावा लागेल, प्रात्यक्षिकासकट. जड जाईल. ती म्हणाली, "देते की." सरांनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं आणि सही केली. मग ती ग्रंथालयात जाऊन त्या विषयाचं पुस्तक मिळतं का, ते विचारून आली. अजून प्रवेशाचा पत्ता नव्हता.

आणि मग घोळ झाला. शेवटची तारीख जवळ आली होती. सगळे कागद बराबर होते. मी तिची माहिती संगणकात भरली, आधार नंबर टाकला, आणि पडद्यावर आलं की नाव जुळत नाही. मी गुणपत्रिका बघितली. आधार बघितलं. दोन्हीकडे वेगळीच बाई.

"ही कोण?" मी आधारवर बोट ठेवलं.

"मीच."

"आणि ही?"

"ते बी मीच."

लग्नात नाव बदलायची रीत तुम्हाला माहीतच आहे. ताटात तांदूळ पसरायचे, सासरचं नाव नवऱ्यानं अंगठीनं त्यात लिहायचं. मला वाटायचं, तांदळातलं नाव तांदळातच राहतं. पण हिच्या सासऱ्यांना हौस भारी. गावात आधारचं शिबिर लागलं, तसे लग्नाचा दाखला घेऊन सुनेला शिबिरात घेऊन गेले आणि नवं नाव आधारवर चढवून आले. वर पेढे वाटले! सुनेचं वाईट व्हावं असं कुणाच्या मनात नव्हतं. पण आता दोन वर्षांचे मार्क होते एका पोरीचे आणि प्रवेश मागत होती दुसरीच.

मी खूप ओरडलो. "आमच्यात बघ, पोरगी सासरी जाते, नाव तेच राहतं. तुमचं हे काय येडेपण?" ती ऐकून घेत होती. माझं ओरडून झाल्यावर तिनं तेच विचारलं, काय लागते.

वाटा दोनच होत्या. नवं नाव ठेवायचं, तर राजपत्रात छापून आणायचं, मग तिकडच्या विद्यापीठात सगळ्या गुणपत्रिका बदलून घ्यायच्या. तोवर वर्ष गेलं. नाहीतर दहावीची सनद दाखवून आधारवर माहेरचं पहिलं नाव परत घ्यायचं. हे होण्यासारखं होतं. मी आवाज बारीक करून म्हणालो, "गुपचूप करून टाक. आधार कोण बघतंय घरी?"

"गुपचूप काहून? मी काय चोरी करून राहिली?" ती पहिल्यांदा माझ्यावर चिडली. "आत्याबाईनं ठेवलेलं नाव हाय ते. त्याह्यले सांगून करीन."

आत्याबाई म्हणजे तिची सासू. मी मनात म्हटलं, गेलं हिचं वर्ष.

दुसऱ्या दिवशी ती सासूला घेऊनच आली. सासू म्हणजे उंच, सडपातळ बाई. पदर डोक्यावर, पायात धुळीनं भरलेल्या चपला. खिडकीशी उभी राहून तिनं मला सरळ विचारलं, "भाऊ, म्या ठिवलेल्या नावात काय खोड हाय?"

मी गडबडलो. "खोड काही नाही, ताई. नाव चांगलंच आहे. पण हिचे मार्क जुन्या नावावर आहेत."

"मग मार्कावरलं नाव बदला."

"बदलतं. पण बदलून येईपर्यंत हे वर्ष हातचं जातं."

मागं रांगेत पोरं चुळबुळ करायला लागली. मी त्यांना दटावून गप्प केलं. मग बाई हळू आवाजात म्हणाली, "ते नाव माजं हाय, भाऊ."

मला कळेना.

"माज्या बापानं ठिवलेलं. लग्नात सासूनं दुसरं ठिवलं. माय व्हती तवर ती जुन्या नावानं हाक मारायची. ती गेली. माजे भाऊ अक्का म्हणतेत. मग कोण घेनार ते नाव? वाटलं, सुनेला ठिवावं. घरात ऐकू तर यील."

घरी राग आला की मी बायकोला तिच्या पूर्ण नावानं हाक मारतो, आणि तीही तितक्याच जोरात उत्तर देते. ते नाव तिच्या अब्बांनी ठेवलेलं. ते कधी कुणी काढून घेईल, असं माझ्या मनातही आलं नव्हतं. या बाईचं मात्र एका ताटातल्या तांदळात संपलं होतं, आणि आता सुनेच्या आधारवरून मी ते दुसऱ्यांदा पुसायला सांगत होतो.

सुनेलाही हे माहीत नव्हतं. ती सासूकडे बघतच राहिली. मला भीती वाटली की ही आता म्हणणार, राहू द्या, नको मला कॉलेज. भल्या घरच्या पोरी असंच म्हणतात, आणि मग जन्मभर कुणाला काही बोलत नाहीत. मी जीव मुठीत धरून बसलो. हो, मी! जिला पहिल्या दिवशी परत पाठवत होतो, तिच्यासाठी.

तिनं सासूचा हात धरला. "हे नाव तुमचं हाय, आत्याबाई. तं तुमीच घ्या ना माघारी. मले माह्यं हाय."

"येडी झाली का? या वयात?"

"वयाचं काय त्यात?" आणि माझ्याकडे वळून, "चाचा, आत्याबाईच्या नावासाठी काय काय लागते, तेवढं सांगा."

बाई हसली. हसता हसता पदर डोळ्याला लावला. "मला नगं कागद-बिगद. हिचं करा आधी." मग सुनेला म्हणाली, "उभी काय राहिलीस? औंढ्याला आधारचं केंद्र हाय न्हवं? चल, बंद हुईल." आणि सुनेच्या पुढं चालायला लागली.

शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत आधारवरचं नाव बदललेलं दिसेना. संध्याकाळ होत आली तरी मी खिडकी लावली नाही. प्राचार्य येऊन म्हणाले, "अजून ऑफिस उघडं कसं?" मी म्हणालो, "काम चालू आहे, साहेब." ती बाकावर बसून त्या जादा पेपरचं पुस्तक वाचत होती. मध्येच उठून म्हणायची, "टाका बरं चाचा, अजून एकदा." मी टाकायचो. आणि एकदा टाकलं तर नाव जुळलं. सगळे कागद चढवले, पावती निघाली. मी इतक्या जोरात "अल्लाह तेरा शुकर" म्हणालो की शिपाई धावत आला, त्याला वाटलं मला काही झालं.

वर्षभर ती शिरडहून एसटीनं यायची. जादा पेपर पहिल्याच खेपेला सुटला. तिसरं वर्ष चांगल्या मार्कांनी झालं. आता ती पुण्याकडं एम.एस्सी. करते. म्हणजे पुन्हा दुसरं विद्यापीठ, पुन्हा मायग्रेशन, या वेळी आमच्याकडचं. ते तयार होऊन आलं, तेव्हा तिची परीक्षा चालू होती, येणं जमलं नाही.

घ्यायला सासू आल्या. एकट्या. हातात सुनेचं अधिकारपत्र. मी ते वाचलं. "माझ्या सासूबाई" आणि पुढं नाव. तेच, त्यांच्या बापानं ठेवलेलं. मग नियमाप्रमाणे आधार मागितलं. त्यावर त्यांच्या सासूनं ठेवलेलं.

"ताई, हे जुळत नाही."

"हिनंच तसं लिहून पाठवलं, म्या काय करू?" बाई बोलल्या. "गावात बी तेच करून ठिवलं हिनं. भावकीतल्या लेकरायला शिकवलं, आता समदी त्याच नावाची आजी म्हनतेत."

मी नियमाचा माणूस आहे. नाव जुळत नाही म्हणून किती पोरांना या खिडकीवरून परत पाठवलं असेल. मी आधारवरचा फोटो बघितला, बाईंकडे बघितलं, आणि सहीची वही पुढं केली. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर लावत ते नाव लिहिलं. मी मायग्रेशन त्यांच्या हातात दिलं.

त्या गेल्यावर बघतो तर आधार खिडकीतच विसरलेलं. त्या फाटकाजवळ पोहोचल्या होत्या, मागून पोरांचा हा गलका. ताई म्हणून ओरडलो असतो तर दहा जणी वळल्या असत्या. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि वहीतल्या त्या नावानं हाक मारली.

पहिल्याच हाकेला बाई वळल्या आणि म्हणाल्या, "व्हय?"