वरच्या मुठीचं कार्ड

नाशिकच्या एका कंप्युटर-दुकानदाराने मला फसवलं आणि मी दामूला. दामूने कोणालाही फसवलं नाही आणि कोणाचं मशीन जाळून उडवलंही नाही. हे आधीच सांगून टाकतो. दीड महिन्यापूर्वी त्याच्या गावी, साखरशेतला, त्याच्या दहाव्याच्या पंगतीत माझ्या शेजारी बसलेला एक शिकलासवरलेला माणूस भात कालवता कालवता मला म्हणाला, "शेठ, तुमचा कंप्युटर उडवला तो हाच ना?" माझा घास तोंडातच राहिला. माणूस जाऊन दहा दिवस झालेले, आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर हे... तेही खोटं. किळस आली मला. त्या माणसाची आली आणि माझी त्याहून जास्त आली, कारण ते वाक्य गावभर गेलं ते माझ्याच दुकानातून.

दामू भोये कोणाच्या नोकरीत नव्हता. नाशिकला कंप्युटरचा कोर्स करून तो परत आला होता आणि जव्हारपासून मोखाड्यापर्यंतच्या कचेऱ्या-शाळांतली मशीनं दुरुस्त करत फिरायचा. पिशवीत दोन स्क्रू ड्रायव्हर आणि धूळ झाडायला रंगाचा एक जुना ब्रश असायचा. पोशेऱ्याच्या शाळेतलं मशीन उघडलं तेव्हा आत पालीने अंडी घातलेली निघाली. त्याने ती कागदाच्या पुडीत घेऊन कुंपणाच्या दगडांत ठेवली आणि मगच कामाला हात लावला. माझा स्वभाव याच्या उलट. मोखाड्याच्या बाजारात सुके बोंबील विकून मी सुरुवात केली आणि भांडून भांडून जव्हारला फोटो स्टुडिओ उभा केला. आमच्या बाजारात माप भरलं की गिऱ्हाईक वर एक मूठ मागतंच. ती मूठ हक्काची असते. विकताना मी ती हात आखडून दिली आणि घेताना कधी सोडली नाही.

तेव्हा मी लग्नाच्या कॅसेटींचं मिक्सिंग सुरू केलं होतं आणि मशीन रडत होतं. दामू म्हणाला, ग्राफिक्स कार्ड बदलू. दोघे नाशिकला गेलो. दुकानदाराला पार टेकीला आणून मी कार्ड घेतलं आणि सवयीने विचारलं, "आणि वर काय?" त्याने खणातून दुसऱ्या कंपनीचं एक जुनं कार्ड काढून ठेवलं. "हे घ्या काका. दोन्ही बसवा. चौसष्ट एमबी आणि बत्तीस, झाले शहाण्णव. मशीन पळेल." दामूने माझी बाही ओढली. "शेठ, ह्यांची बेरीज होत नाय. ज्याचा त्याचा पडदा तो सांभाळतो. बैल नि रेडा एका नांगराला जुंपून कुठं नांगरट होते?" दुकानदार हसला. "हा कुठला इंजिनियर धरून आणलात, काका?" मीही हसलो... दात काढून हसलो. "तू गप रे," म्हणालो, "वरची मूठ कोणी टाकून येतं का?"

जव्हारला आल्यावर नवं कार्ड बसवलं, मशीन सुधारलं. मी तिथेच थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण फुकटचं कार्ड मला डोळ्यांसमोर पडलेलं बघवेना. "बसव तेपण," म्हणालो. त्याने बसवलं आणि पडदा काळा झाला. मी नाशिकला फोन लावला. तिकडून दुकानदार आरामात म्हणाला, "तुमच्या इंजिनियरने बसवताना उडवलं असणार, काका." बाकावर पाचसहा गिऱ्हाइकं बसलेली. त्यांच्यासमोर मी ते वाक्य दामूच्या अंगावर फेकलं, वर माझे दोनचार शब्द घातले. त्याने ब्रश पिशवीत टाकला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खांद्यावर एक जुना मॉनिटर घेऊन आला. आश्रमशाळेने भंगारात काढलेला. जुन्या कार्डाने पुढचा मान घेतला होता, चित्र तिकडून निघत होतं आणि पडद्याची वायर होती नव्याला, म्हणून सगळं काळं, एवढंच झालं होतं. त्याने सेटिंग बदललं, दुसरा मॉनिटर जुन्या कार्डाला जोडला आणि दोन्ही पडदे पेटले. "उडालं असतं तर पेटलं नसतं, शेठ," एवढंच म्हणाला. मग दुसऱ्या पडद्याचं तोंड त्याने बाकाकडे फिरवलं.

तोवर मी लग्नातल्या मागे बसलेल्या म्हाताऱ्या बिनदिक्कत कापायचो. आता घरची माणसं बाकावर बसून बघू लागली. सूर्यमाळची एक बाई एकदम उठून काचेला हात लावत ओरडली, "थांब, थांब! ही माझी आय हाय. तिला कापशील तर बघ. ती आता नाय, नि तिचा दुसरा फोटू पण नाय." ती म्हातारी राहिली. त्या पडद्यामुळे माझं नाव पार खोडाळ्यापर्यंत झालं. लोक विचारतात, दोन वेगवेगळी कार्डं एका मशीनमध्ये घालण्यात अर्थ आहे का? वेगासाठी मुळीच नाही, तसं सांगणारा चोर. दोन माणसांनी दोन बाजूंनी एकच गोष्ट बघायची असेल, तर आहे. हे डोकं दामूचं.

दामू निर्दोष असल्याचा पुरावा सात वर्षं माझ्या काउंटरवर रोज पेटत होता आणि मी एकदाही त्या बाकाला सांगितलं नाही की चूक माझी होती. "उडवणारा दामू" म्हणत कचेऱ्यांनी त्याला बोलावणं बंद केलं. तो वापीला एका कंपनीत खोकी उचलायला गेला आणि तिथेच तापाने संपला. दहाव्यानंतर त्याचा धाकटा भाऊ यशवंत दुकानात आला, बाकावर बसला. पडद्याकडे बघत खालच्या आवाजात म्हणाला, "शेठ, दादा कधी बोलला नाय... खरंच उडवलं होतं का त्याने?"

सख्ख्या भावाला हे विचारावं लागलं!

मी त्याच्यासमोरच नाशिकला फोन लावला, खरं काय ते याला सांग म्हटलं. दुकान आता मोठं झालंय, म्हणे. सगळं ऐकून घेऊन दुकानदार म्हणाला, "काका, इतक्या जुन्या मालाची गॅरंटी नसते."

मालाची गॅरंटी मागितली कोणी? मी माझं इथे चारचौघांत कबूल केलं. आता तुझी पाळी, दुकानदारा. जव्हारला ये, या बाकावर यशवंतशेजारी बस. तुझ्या खणातलं ते कार्ड अजून चालू आहे, पडदा अजून बाकाकडे तोंड करून आहे. त्याच्याकडे बघ आणि सांग, दामूने काय उडवलं?